कियांतीचा ताळेबंद

समीक्षक दोन प्रकारचे असतात. एक पुस्तक वाचून लिहिणारे आणि दुसरे नियमितपणे लिहिणारे. मी या दोन्हींत बसत नाही. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. आमच्याकडे समोर आलेल्या कागदावर 'आशयघन' किंवा 'अस्तित्ववादी' असा शेरा मारायची सोय नाही. आकडे बघायचे, लाल पेन्सिलीने टिक करायची, बेरीज जुळली तर सही आणि नाही जुळली तर रात्री आठपर्यंत मुक्काम. आज याच पद्धतीने एका नामवंत इटालियन कृतीचं परीक्षण करायचा विचार आहे. कृती जुनी आहे, तांबडी आहे आणि बाटलीत मिळते. तिचं नाव कियांती.

'चियांती' नव्हे बरं का. इंग्रजीच्या सवयीने सी-एच दिसलं की आपण 'च' म्हणून मोकळे होतो. इटलीत सी-एचचा 'क' होतो. ज्याच्यावर टीका करायची त्याचं नाव तरी नीट उच्चारावं, एवढी सभ्यता मराठी समीक्षकानेही पाळायला हरकत नाही.

आता तुम्ही विचाराल, बँकेतल्या कारकुनाचा आणि वाइनचा संबंध काय? (सौ.नेही हाच प्रश्न विचारला होता, पण वेगळ्या आवाजात.) संबंध आहे. टस्कनी हे आम्हा बँकवाल्यांचं कुलदैवताचं ठिकाण. 'बँक' हा शब्दच मुळी इटालियन 'बांको'वरून, म्हणजे सराफ ज्या बाकावर पैसे मांडून बसत त्या बाकावरून आला. सिएना गावातली मोंते देई पास्की ही बँक १४७२ साली स्थापन झाली आणि अजून चालू आहे. आज चालू असलेल्यांत जगातली सर्वांत जुनी. जमा आणि नावे, म्हणजे डबल एंट्री, ज्याने १४९४ साली छापील पुस्तकात प्रथम सविस्तर समजावून सांगितली तो लुका पाचोली नावाचा साधू टस्कनीतल्याच सानसेपोल्क्रोचा. बी.कॉम.ला ज्या विषयाने माझी दोन वर्षं झोप उडवली त्याचा आद्य प्रवर्तक संन्यासी होता, हे कळल्यावर मन शांत झालं. तर अशा हिशेबी मुलखात, फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या टेकड्यांत कियांती तयार होते. तेव्हा तिची वही तपासण्याचा पहिला हक्क वाइनतज्ज्ञांचा नसून आमचा आहे.

वही उघडल्याबरोबर पहिली नोंद लागते ती कोंबड्याची. मध्ययुगात फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात हद्दीवरून सतत मारामाऱ्या चालत. शेवटी म्हणे असं ठरलं, की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल आणि दोघे भेटतील तिथे हद्द. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला खाऊपिऊ घालून जावयासारखा ठेवला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा घेतला आणि त्याला उपाशी कोंडून ठेवला. भुकेलेला काळा कोंबडा पहाट व्हायच्या कितीतरी आधी आरवला, फ्लॉरेन्सचा स्वार आधी निघाला आणि सिएनाच्या जवळ पोचेपर्यंत त्याला कोणी भेटलंच नाही. कियांतीचा बहुतेक सगळा मुलूख फ्लॉरेन्सच्या खात्यावर जमा. उपाशी ठेवलेला नोकर वेळेआधी कामाला लागतो, हे तत्त्व जगातल्या सगळ्या व्यवस्थापनांनी इथूनच उचललेलं दिसतं.

गोष्ट खरी की खोटी हे सोडून द्या. पण १३८४ साली राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीना या तीन गावांचा मिळून जो 'कियांतीचा संघ' झाला त्याचं चिन्ह काळा कोंबडाच होतं, आणि आजही 'कियांती क्लासिको'च्या बाटलीच्या गळ्यावर तोच कोंबडा उभा असतो. म्हणजे मूळ कियांती किती? तीन गावं. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे याच्यावर बरंच व्याज चढणार आहे.

१७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने जाहीरनामा काढून सांगितलं, की कियांती म्हणवून घ्यायचं असेल तर द्राक्षं अमुक हद्दीच्या आतलीच हवीत. वाइनला कायद्याने हद्द आखून देण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या प्रकारांपैकी हा एक. हा कोसिमो मेदिची घराण्यातला, आणि मेदिची मूळचे बँकवाले! बँकवाल्याच्या वंशजाला नावाची किंमत कळते. सही जुळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत हे त्याच्या रक्तातच असतं.

यानंतर येतात बॅरन बेत्तीनो रिकासोली. ब्रोलिओ किल्ल्याचे मालक, १८६१ साली काव्हूरच्या मागून इटलीचे दुसरे पंतप्रधान झालेले, आणि स्वभावाने इतके कडक की लोक त्यांना 'लोखंडी बॅरन' म्हणत. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. फ्लॉरेन्सच्या एका नृत्यसमारंभात एक तरुण त्यांच्या नव्या पत्नीशी जरा जास्तच अगत्याने नाचला. बॅरननी पत्नीला हळूच उठवलं, गाडीत बसवलं आणि हिवाळ्याच्या रात्री थेट ब्रोलिओच्या किल्ल्यावर आणून ठेवलं. आता खेड्यातल्या किल्ल्यात वेळ कसा घालवायचा? बॅरन द्राक्षांकडे वळले. जगातल्या एका मोठ्या वाइनचा उगम असा नवऱ्याच्या संशयात आहे. सौ.ला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "तुम्ही नाही कधी मला कुठल्या समारंभाला नेत."

बॅरननी वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८७२ साली पिसा विद्यापीठातले प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्र लिहून निष्कर्ष कळवला. सारांश असा: मुख्य द्राक्ष सांजोवेझे, वास आणि दम त्याचा. दुसरं कानायोलो, ते पहिल्याचा कडकपणा उतरवतं. तिसरं मालवाझिया, हे पांढरं. ते घातलं की वाइन पातळ आणि हलकी होते, रोजच्या जेवणात घ्यायला सोपी पडते. पण मुरवत ठेवायची वाइन असेल तर ते वगळावं.

या पत्रात एक 'पण' आहे. मंडळी, सरकारी कामकाजात बाकी काहीही टिकतं, 'पण' टिकत नाही. समजा एखाद्या शाखेच्या मॅनेजरने लिहिलं, 'शक्य असल्यास ग्राहकाला पाणी विचारावं.' हेड ऑफिसमधून परिपत्रक येतं, 'प्रत्येक ग्राहकाने किमान दहा टक्के पाणी पिणे अनिवार्य.' कियांतीचं नेमकं हेच झालं. १९६७ साली इटलीने कियांतीचे अधिकृत नियम केले. त्यांत पांढरी द्राक्षं किमान १० टक्के आणि कमाल ३० टक्के सक्तीची केली. शिवाय पत्रात ज्याचं नावही नव्हतं ते त्रेब्बियानो नावाचं भरघोस पिकणारं आणि चवीला निरिच्छ असं पांढरं द्राक्ष मालवाझियाच्या शेजारी आणून बसवलं. बॅरनची सवलत होती, सरकारची सक्ती झाली. तांबड्या वाइनमध्ये पांढरी द्राक्षं घातली नाहीत तर ती अस्सल नाही!

परिणाम व्हायचा तोच झाला. बाजारात फिकट, पातळ कियांतीचा पूर आला आणि चांगले वाइनवाले गुन्हेगार ठरले. अंतिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामापासून आपल्या 'तिन्यानेल्लो' या वाइनवरून कियांतीचं नाव काढून टाकलं आणि तिच्यावर 'विनो दा ताव्होला' म्हणजे 'साधी टेबलावरची वाइन' असं लिहिलं. ही साधी वाइन अस्सल कियांतीच्या कितीतरी पट भावाने खपू लागली. त्याहून मासलेवाईक उदाहरण राद्दाचं, म्हणजे मूळ तीन गावांतल्या एकाचं. तिथे मोंतेव्हेर्तीने नावाच्या मळ्यात १९७७ साली निव्वळ सांजोवेझेची, शंभर टक्के गावच्या द्राक्षाची वाइन केली. ती कियांती क्लासिको म्हणून मान्य होणं शक्यच नव्हतं. का? तर भेसळ नव्हती म्हणून.

पुढे शहाणपण आलं, पण ते सरकारी चालीने आलं. १९८४ साली वरचा दर्जा देताना पांढऱ्या द्राक्षांची सक्ती कमी केली. १९९६ साली क्लासिकोचे नियम वेगळे झाले आणि निव्वळ सांजोवेझेला परवानगी मिळाली. २००६ पासून क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना चक्क बंदी! म्हणजे १९६७ साली जी गोष्ट परंपरा म्हणून सक्तीची होती, ती एकोणचाळीस वर्षांनी परंपरा टिकावी म्हणून निषिद्ध झाली. कालचं परिपत्रक रद्द करणारं परिपत्रक आम्हालाही येतं. पण ते आणणाऱ्याचा चेहरा निदान ओशाळा असतो.

आता ते तीन गावांवरचं व्याज. १९३२ साली सरकारने समिती नेमून कियांतीची हद्द इतकी ताणली, की तिचे सात विभाग झाले. अरेत्सो, पिसा, पिस्तोया अशा लांबलांबच्या टेकड्या एका रात्रीत कियांती झाल्या. मूळच्या मंडळींना तेव्हापासून आपल्या नावापुढे 'क्लासिको' लावावं लागतं. एखाद्या जुन्या खानावळीच्या नावाची गावभर दुकानं निघावीत आणि मूळ मालकाला 'आमची अन्यत्र कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावावी लागावी, तसं. त्या मानाने आपलं अकलूज सरळ. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात इटालियन आणि भारतीय भागीदारांनी मिळून सांजोवेझेचे वेल लावले आहेत आणि त्याची वाइन स्वतःच्या नावाने विकतात. द्राक्ष कुठेही जाऊ शकतं. नाव मात्र गावाचं असतं, हे उसाच्या मुलखाला कळलं आणि १९३२ च्या समितीला कळलं नाही. आता आता, २०२१ साली, क्लासिकोच्या संघाने ठरवलं की सर्वांत वरच्या प्रतीच्या बाटल्यांवर ग्रेवे, राद्दा, गायोले, लामोले अशा अकरा भागांची नावं घालायची. फिरून फिरून पुन्हा गावात आले.

वही झाली, आता मालाची प्रत्यक्ष तपासणी. माझा मेहुणा नोकरीनिमित्त इटलीत असतो. त्याने येताना दोन बाटल्या आणल्या, एक नुसती कियांती आणि एक कोंबडेवाली. सोबत एक माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं, की या वाइनमध्ये व्हायोलेट फुलं, आंबट चेरी, जुनं चामडं, तंबाखू आणि ओली माती यांचा भास होतो. फुलं आणि चेरी वगळता हे अगदी पावसाळ्यातल्या एस.टी. स्टँडचं वर्णन आहे. तिथे हे सगळं फुकट हुंगायला मिळतं.

सौ.ने एक घोट घेतला आणि म्हणाली, "आंबट आहे हो. आणि जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ झाली."

"ताई, त्याला टॅनिन म्हणतात," मेहुणा म्हणाला.

"आम्ही तुरट म्हणतो," सौ. म्हणाली, आणि टोमॅटोचं सार आणायला आत गेली.

माझ्या मते कियांतीवरची ही सर्वांत नेमकी समीक्षा आहे. कारण ती आंबट आणि तुरटच आहे आणि तसंच असायला हवं. साराच्या, उसळीच्या, तेलकट वांग्याच्या घासामागून घोट घेतल्यावर लक्षात आलं, की ही एकटीने मैफल गाजवणारी बाई नव्हे. ही पंगतीतली चटणी आहे. जीभ धुते, पुढच्या घासाला जागा करते. नुसती कियांती पातळ पण प्रामाणिक होती. टोमॅटोपुढे थोडी दबली. कोंबडेवालीत दम होता, आंबटपणाला अंग होतं आणि शेवटी जी तुरट चव रेंगाळली ती कंटाळवाणी नव्हती. "भावोजी, किती मार्क?" मेहुण्याने विचारलं. विदेशी समीक्षक शंभरांपैकी त्र्याण्णव, चौऱ्याण्णव असे देतात. मी म्हटलं, जेवणाबरोबर फर्स्ट क्लास, जेवणाशिवाय एटीकेटी.

माझं वाकडं आहे ते लेबलाशी. पूर्वी कियांती 'फियास्को'त मिळायची. गोल बुडाची, पातळ काचेची बाटली आणि तिला गवताचं विणलेलं अंगडं. हो, तोच शब्द! नाटक पडलं तर इटालियन लोक 'बाटली झाली' अशा अर्थाने फियास्को झाला म्हणतात आणि तिथून इंग्रजीच्या खांद्यावर बसून तो आपल्या वर्तमानपत्रांत आला. ही अंगडी एम्पोलीच्या बाजूच्या बायका विणायच्या. त्या बाटल्या जगभरच्या हॉटेलांत मेणबत्त्या खोचण्यासाठी प्रसिद्ध झाल्या. विणणाऱ्या बायका कशासाठीच झाल्या नाहीत.

आणि आता या वहीतली सर्वांत मोठी रक्कम. कियांतीच्या टेकड्यांवरचे ते सुंदर वेल, ऑलिव्हची झाडं, दगडी घरं, दगडी बांध, जे बघायला आज लोक विमानाने जातात, ते बॅरननी स्वतःच्या हाताने बांधले नाहीत. ते अर्धेलीच्या शेतकऱ्यांनी केले. तिकडे त्या पद्धतीला 'मेत्साद्रिया' म्हणत. जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुटुंबाचे आणि पीक निम्मं-निम्मं. शतकानुशतकं हेच चाललं. कित्येक करारांत तर घरात लग्नकार्य करायचं असलं तरी मालकाची संमती लागायची. आणि त्या घरांत प्यायला काय? पुष्कळदा द्राक्षं चेपून उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतून केलेली पातळ वाइन.

या शेतकऱ्यांकडे एक छोटी वही असायची, 'लिब्रेत्तो कोलोनिको'. हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो, कारण ते चक्क पासबुक होतं! जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला, अगदी पाचोलीबुवांच्या शिकवणीप्रमाणे. फक्त त्यात नोंदी करायचा तो मालकाचा कारभारी. कमी पडलेलं बियाणं नावे, वाईट हंगाम नावे, उसना गहू नावे आणि बाकी पुढच्या वर्षी ओढलेली. मी इतकी वर्षं पासबुकं भरतो आहे. बरोबर जुळणारी बेरीज माणसाला किती शांतपणे कर्जात ठेवू शकते, हे दुसऱ्या कोणापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही माणसं कंटाळली आणि कारखान्यांच्या गावांकडे निघून गेली. १९६४ साली कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले आणि १९८२ च्या कायद्याने उरलेल्यांचं खंडात रूपांतर करायची वाट केली. ओस पडलेली दगडी घरं पुढे परदेशी पाहुण्यांनी विकत घेतली, इतकी की इंग्रज लोक त्या भागाला थट्टेने 'कियांतीशायर' म्हणू लागले. आता त्याच घरात, त्याच गोठ्यात, पाहुण्यांना 'परंपरेचा' अनुभव देतात. गोठ्यात स्नानगृह जोडलेलं असतं.

कोणी म्हणेल, वाइनच्या परीक्षणात हे कशाला? शेतकऱ्याच्या घामाने चवीत काय फरक पडतो? पडतो की. पीक निम्मं वाटून घ्यायचं असेल तर वजन मोलाचं, चव नव्हे. भरघोस पिकणारं त्रेब्बियानो अशा शेतीला सोयीचं पडलं असणार, आणि ज्या वर्षी सरकारने त्याला परंपरा म्हणून शिक्का मारला त्या वर्षी ती शेती मरायला टेकली होती. गरिबीतून जन्मलेली सवय गरीब निघून गेल्यावर श्रीमंतांनी कायदा म्हणून पाळली. उपाशी राहून जिंकून देणाऱ्या कोंबड्याला निदान बाटलीच्या गळ्यावर जागा मिळाली. इतरांचं तेही नाही.

तेव्हा माझा अहवाल असा. वाइन: उत्तम, जेवणासोबत. नियमावली: १९६७ ला नापास, २००६ ला फेरपरीक्षेत पास. हद्द: तीन गावांची मूळ नोंद बरोबर, नंतरची खाडाखोड आक्षेपार्ह. बॅरन, ड्यूक, कोंबडा: तिन्ही खाती तपासली, जमा पुरेशी आहे, आणखी भर घालू नये.

ताळेबंद मात्र जुळत नाही. एका बाजूला एक रक्कम कमी येते आहे. अशा वेळी आम्ही काय करतो ते सांगतो. ज्या रकमेचा मालक सापडत नाही ती 'सस्पेन्स'ला टाकतो आणि घरी जातो. ऑडिटर दर वर्षी विचारतो, ही नोंद इतकी जुनी का? आम्ही सांगतो, साहेब, चौकशी चालू आहे. कियांतीच्या या खात्याला मालक सापडत नाहीत असंही नाही. लिब्रेत्तोच्या पहिल्या पानावर त्यांची नावं आहेत. लेबलावर जागा नाही म्हणे. तिथे किल्ल्याचं चित्र आहे.